खाप्याचं लोखंड आणि हिऱ्याचं टोक

खापा म्हटलं की नागपूरकरांना सावनेर तालुक्यातलं, कन्हानकाठचं खापा आठवतं; शेजारी गुमगावची मँगनीजची खाण. आज बोलायचंय ते दुसऱ्या खाप्याबद्दल, नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ असलेल्या. टाकळघाटला जुनी वस्ती आणि खाप्याला शिळावर्तुळं, म्हणजे दफनं. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. काळ साधारण इसवी सनापूर्वी सातवं-सहावं शतक. या दफनांतून लोखंडी वस्तू निघाल्या.

आता प्रश्न असा, की त्या लोहाराला नेमकं किती येत होतं? लोखंड गाळता येत होतं, हे पुढे नायकुंडला सापडलेल्या भट्टीने सांगितलं. पण लोखंडात कार्बन मुरवून पोलाद करणं आणि धारेला पाणी पाजून ती कडक करणं ही वेगळी विद्या आहे. गावचा लोहार याची परीक्षा कानशीने करतो. कानस धरली तर धार मऊ, घसरली तर कडक. अडीच हजार वर्षांच्या गंजलेल्या कुऱ्हाडीवर कानस कोण चालवू देईल?

१९०० साली स्वीडनच्या ब्रिनेल यांनी या परीक्षेला आकडा दिला. १० मिलिमीटरची पोलादी गोळी ३००० किलोच्या भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. कारखान्याला ही सोय उत्तम होती. पण मऊ लोखंडावर हा खळगा जवळजवळ ६ मिलिमीटर रुंद पडतो. आपल्या कुऱ्हाडीची शाबूत धार तेवढी असेलच असं नाही!

१९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीच्या स्मिथ आणि सँडलँड यांनी गोळीऐवजी हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड घेतला. समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंश. पुढे हाच हिरा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी हलक्या भाराने वापरला जाऊ लागला. १०० ग्रॅम भार दिला, तर मऊ लोखंडावर ठशाचा कर्ण सुमारे ४३ मायक्रोमीटर येतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कमी. पाणी पाजलेल्या कडक पोलादावर तो जेमतेम १६ भरतो. वस्तू मात्र अगदीच अस्पर्श राहत नाही, बरं का. धारेचा बारीक कपचा काढून, राळेत बसवून तो आरशासारखा घासावा लागतो. पण मग त्या एका कपच्यावर धारेपासून आत एकामागून एक ठसे घेता येतात, आणि कडकपणा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते दिसतं.

आकडे कसे वाचायचे? व्हिकर्स मापात १००च्या आसपास म्हणजे मऊ लोखंड. ७०० म्हणजे पोलादाला पाणी दिलेलं. २०० आला तर मात्र थांबावं. ते सावकाश थंड झालेलं पोलाद असेल, किंवा थंड अवस्थेत नुसतं ठोकलेलं साधं लोखंड. दोन्ही कहाण्या वेगळ्या. म्हणून ठशाशेजारी धातूची कणरचनाही पाहावीच लागते. आणि वस्तू नंतर कधी आगीत तापली असेल, तर पाजलेलं पाणी उतरतं. तेव्हा धार मऊ निघाली म्हणून लोहार अडाणी ठरत नाही.

१९९२ साली ऑलिव्हर आणि फार यांनी आणखी पुढची वाट दाखवली. ठसा बघायचाच नाही. हिरा आत जाताना आणि बाहेर येताना भार आणि खोली सतत नोंदायची आणि त्यावरून कडकपणा नि लवचीकता काढायची. पण इथे एक खोच आहे. धातूत ठसा फार लहान झाला की तोच धातू जास्त कडक भासतो. म्हणजे भार न सांगता दिलेला आकडा अर्धवटच. दोन अहवालांतल्या कुऱ्हाडींची तुलना करताना हे विसरलं, की आपण लोहारांची नव्हे, यंत्रांची तुलना करतो.

माहुरझरीच्या पोलादी छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास २०१० साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. विदर्भातल्या लोहारांबद्दल बोलायचं तर असे अभ्यास एक-दोन नव्हे, पुष्कळ हवेत. गंज थांबत नाही, आणि तो आधी धारच खातो. आपलं उत्तर तर नेमकं त्या धारेतच आहे.

चला, आता प्रश्नांकडे वळू या.