बाटलीवरची कागदाची पट्टी

'कंपाउंडर' हा शब्द आता आपल्याकडे जवळजवळ विनोदापुरताच उरला आहे. माझ्या पिढीला मात्र तो माणूस चांगला आठवतो. दवाखान्याच्या लाकडी खिडकीआड तो उभा असायचा. घरून नेलेल्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. "हलवून घ्या," एवढेच त्याचे भाषण. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे प्रत्येक रोग्याचे औषध वेगळे बनत असे. पुढे कारखान्यांतल्या तयार गोळ्या आल्या आणि खिडकीआडची ही कला मागे पडली. ती संपली मात्र नाही. अमेरिकेत आणि युरोपात ती कुत्र्या-मांजरांच्या, घोड्यांच्या उपचारात टिकून राहिली. तिथला तिचा इतिहास मोठा विलक्षण आहे.

त्याआधी घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या मोहल्ल्यात मांजर नसलेले घर विरळाच. आमच्याकडेही एक होती. एकदा तिने खाणे सोडले, अंग तापले. घरातल्या कुणीतरी मायेपोटी माणसांची तापाची अर्धी गोळी कुस्करून तिच्या तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी ती गेली. अम्मी म्हणाली, अल्लाची मर्जी. फार वर्षांनी एका पशुवैद्यांनी मला सांगितले, की पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातली व्यवस्था मांजरात फार दुबळी असते. त्या औषधाने तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते.

प्राण्यांच्या औषधांची अडचण इथूनच सुरू होते. त्यांची औषधे वेगळी हवीत, पण त्यांची बाजारपेठ लहान. एका औषधाची सरकारी मंजुरी मिळवायला वर्षे आणि अमाप पैसा लागतो. मांजरांच्या एखाद्या विरळ दुखण्यासाठी तो खर्च कोण करणार? म्हणून पशुवैद्य बऱ्याचदा माणसांचीच औषधे बेताने वापरतात, आणि माणसांचे औषध बाजारातून उठले की प्राणीही उघड्यावर पडतात.

सिसाप्राइडचे तसेच झाले. जठराच्या विकारावर माणसांना दिले जाणारे हे औषध हृदयाचे ठोके बिघडवते असे दिसून आले आणि २००० साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली. आपल्याकडे त्यावर २०११ साली बंदी आली. माणसांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण मोठे आतडे फुगून निकामी होत चाललेल्या मांजरांना याच औषधाने आराम पडत होता. मग औषधनिर्माते सिसाप्राइडची मूळ भुकटी मागवून मांजरापुरते औषध घडवू लागले. २००७ साली कंपवातावरचे पर्गोलाइड हे औषध अमेरिकेत मागे घेतले गेले, कारण त्याने हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. म्हाताऱ्या घोड्यांना होणाऱ्या, अंगावर लांब केस वाढवणाऱ्या आणि खूर बिघडवणाऱ्या एका विकारावर ते गुणकारी होते. घोड्यांसाठी मंजूर झालेली गोळी यायला २०११ उजाडले. मधली चार वर्षे घोडे जगले ते हाताने बनवलेल्या औषधावर. त्यातही एक मेख होती. पाण्यात कालवलेले पर्गोलाइड उजेडात आणि उष्णतेत लवकर नासते. थंड, अंधाऱ्या जागी ठेवूनही महिन्याभरात टाकून द्यावे लागते. तबेल्याच्या खिडकीत उन्हात ठेवलेल्या बाटलीत शेवटी औषध किती उरत असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

ही घडवण्याची कला गमतीचीही आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीचे जनुकच तिच्यात मोडके आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणजे मुलांच्या औषधात घालतात ते स्ट्रॉबेरीचे सरबत इथे फुकट. मग मासळीची किंवा कोंबडीची चव द्यायची. गोळी अजिबात न घेणाऱ्या मांजरासाठी थायरॉइडचे औषध मलमात कालवून कानाच्या आतल्या बाजूला चोळायचे. कुत्र्याचे औषध गोड करताना मात्र झायलिटॉल नावाची साखर चुकूनही वापरायची नाही. माणसाला ती निरुपद्रवी, कुत्र्याला विष.

सगळ्यात जुनी कहाणी पोटॅशियम ब्रोमाइडची. १८५७ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी या क्षाराने फेफऱ्याचे झटके थांबतात असे सांगितले. हे गृहस्थ व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोनचा उपयोग कळला आणि पुढे माणसांनी ब्रोमाइड हळूहळू सोडून दिले. झटके येणाऱ्या कुत्र्यांना ते नंतरही कामी येत राहिले. अमेरिकेत ते अनेक वर्षे बिनमंजुरीनेच, मागणीप्रमाणे बनवून दिले जात होते. कुत्र्यांसाठी त्याला सशर्त सरकारी मान्यता मिळाली ती २०२१ साली. राणीच्या वैद्यापासून मोजले तर एकशे चौसष्ट वर्षांनी!

आणि आता ती घटना, जिच्यामुळे मी या विषयाकडे वळलो. १९ एप्रिल २००९, रविवार. फ्लोरिडातल्या वेलिंग्टन गावी पोलोची मोठी स्पर्धा चालू होती. (आधुनिक पोलोचा उगम आपल्या मणिपुरातला, हे जाता जाता.) लेचुसा काराकास संघाचे घोडे सामन्यासाठी आणले गेले आणि गाड्यांतून उतरवता उतरवता कोसळू लागले. कुणी त्यांच्या अंगावर पाणी ओतले, कुणी सलाईन लावले, पडदे धरून प्रेक्षकांची नजर अडवली. एकूण एकवीस घोडे गेले.

हे घोडे थकवा भरून यावा म्हणून 'बायोडिल' नावाचे फ्रान्समध्ये बनणारे जीवनसत्त्व-क्षारांचे इंजेक्शन घेत. अमेरिकेत त्याला मंजुरी नव्हती. तेव्हा पशुवैद्याच्या चिठ्ठीवर ओकाला शहरातल्या फ्रँक्स फार्मसीने त्याची नक्कल बनवून दिली. त्यात सेलेनियम असते. शरीराला ते लागते, पण चिमूटभराच्याही कितीतरी कमी, आणि मर्यादा ओलांडली की ते हृदयावर घाव घालते. मेलेल्या घोड्यांच्या रक्तात आणि यकृतात सेलेनियम नेहमीच्या दहा ते वीस पट सापडले. औषधातल्या एका घटकाचे प्रमाण चुकले होते, असे औषधालयानेच जाहीर केले. इंजेक्शन दिलेला प्रत्येक घोडा गेला, तेही तीन तासांच्या आत. ज्यांना दिले नव्हते, ते धडधाकट उभे होते.

कारखान्यात हजारो बाटल्यांची एक खेप बनते, तपासली जाते, नमुने राखून ठेवले जातात. खलात घडवलेल्या एका खेपेमागे असतात एक माणूस, एक तराजू आणि एक हिशेब. माझ्या लहानपणीच्या त्या कंपाउंडरचा हात असा कधी चुकला असेल का? चुकला असेल तर कुणाला कळले असेल?

पुढे २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच औषधालयाविरुद्ध, कच्च्या भुकटीपासून प्राण्यांची औषधे बनवू नयेत म्हणून दावा लावला. २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने प्रशासनाविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला, कारण वादच शिल्लक राहिला नव्हता. म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे. मला विचाराल तर सरसकट बंदी घालणे क्रूरपणाचे झाले असते. पण तयार औषध मिळत असताना केवळ स्वस्त पडते म्हणून त्याची नक्कल करून देणे, हा निव्वळ धंदा आहे. गरजेपोटी केलेले काम आणि नफ्यापोटी केलेले काम यांत फरक करायला कायद्याला फार वेळ लागला.

अलीकडची गोष्ट मांजरांच्या एका करोना विषाणूची आहे. त्यातून होणाऱ्या एफआयपी या रोगात पोटात पाणी साठते. १९६३ साली बोस्टनच्या एका पशुरुग्णालयातून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ निदान म्हणजे मृत्यूचीच चिठ्ठी होती. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक नील्स पेडरसन या रोगामागे आयुष्यभर लागले होते. २०१९ मध्ये त्यांनी जीएस-४४१५२४ हे रसायन एकतीस आजारी मांजरांना दिले. सव्वीस मांजरांनी बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला. ज्या रेमडेसिव्हिरसाठी २०२१ मध्ये आपण रांगा लावल्या, त्याचेच हे जवळचे भावंड. पण कंपनीने ते प्राण्यांसाठी बाजारात आणले नाही. मग चोरबाजार उभा राहिला. चीनमधून आलेल्या, आत काय आणि किती हे न लिहिलेल्या कुप्या लोक दामदुप्पट देऊन घेत आणि घरच्या घरी मांजराला टोचत. गुन्हा करतो आहोत हे माहीत असूनही टोचत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

ब्रिटनमध्ये २०२१ साली हे औषध चिठ्ठीवर बनवून देण्याची सोय झाली. अमेरिकेत २०२४ च्या मे महिन्यात प्रशासनाने, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर ते बनवणाऱ्यांवर आपण कारवाई करणार नाही, असे जाहीर केले आणि जूनपासून ते रीतसर मिळू लागले. आता त्या बाटलीवर औषधाचे नाव असते, प्रमाण असते आणि मांजराचे नावही असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)