नावं छापली, मनं बदलली का?

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नंतर गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. मिशनऱ्यांकडचा चहा ब्राह्मणांनी घेतला म्हणून गावभर गदारोळ उठला. सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

म्हणजे चारचौघांत लाज काढण्याचा उपाय लागू पडला. पण कुणाच्या कामी आला? सुधारकांच्या नाही, सनातन्यांच्या! लाज सत्याच्या जोरावर चालत नाही. लग्नकार्य, पंगत, मयत यांसाठी माणूस ज्यांच्यावर अवलंबून असतो, त्यांच्या जोरावर ती चालते. ही ताकद बहुतेक वेळा जुन्या व्यवस्थेच्याच हातात असते. शिवाय प्रायश्चित्तानं रानड्यांचं मत बदललं नाही. सामाजिक परिषदेचं काम ते पुढेही करत राहिले. मान झुकली, मन नाही.

त्याच १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली. विधवांचं केशवपन आपण करायचं नाही, असं न्हाव्यांनी ठरवलं. त्यांनी कुठल्याही घराचं नाव चव्हाट्यावर आणलं नाही. फक्त आपला वस्तरा खाली ठेवला.

आपल्या समाजातलं उदाहरण १८ एप्रिल १९६६ चं. हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती आणि ती सरकारकडे, कायद्याकडे होती. बेइज्जती सोसली ती मोर्चेकऱ्यांनी. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ रोजी. एक्कावन्न वर्षं लागली. तिथेही लढा शायरा बानो आणि इतर बायकांनी याचिका करून दिला.

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. जहेज घेणाऱ्यांची नावं आणि फोटो मोबाइलवर फिरवावेत, असं आमच्याकडची काही तरुण मुलं म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. पण यादीत आधी कोण येईल? रिक्षावाला, फेरीवाला, ज्याची बाजू घ्यायला कुणी नाही असा. ज्याच्या पैशानं जमातीचा हॉल उभा राहिला, त्याचं नाव गाळलं जाईल. आणि ज्या मुलीचं लग्न झालंय, तिला सासरी काय सोसावं लागेल?

लाज वाटायला लावू नये, असं मी म्हणत नाही. सत्तेवर बसलेल्याला भर सभेत जाब विचारायलाच हवा. पण शेजाऱ्याच्या बाबतीत मला न्हाव्यांचा रस्ता जास्त पटतो. जिथे जहेज ठरलंय तिथे काझीनं निकाह पढवू नये, आपण दावतीला जाऊ नये. त्यात श्रीमंताच्या घरची दावतही आली. तिथलं जेवण सोडायची आपली तयारी आहे का, हे यादी करण्याआधी ठरवू या.