नवा लॅपटॉप, जुनी सीडी आणि न वाचता येणारं सोलापूर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी, जुना सीपीयू किंवा एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेची फाईल पडून आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मध्यंतरी नवा लॅपटॉप घेतला. हौस नव्हती, नाइलाज होता. जुन्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझं मशीन त्यात बसत नव्हतं. पहिले आठ दिवस डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण मधोमध शोधण्यात गेले. उजवं क्लिक केलं की भलताच मेनू यायचा. चिडचिड झाली, मग बोटांना सवय लागली. माणूस शिकतो.

खरी अडचण नंतर आली. एका मुलाचा फोन आला. त्याचे वडील यंत्रमाग कामगार होते, नुकतेच वारले. वीसेक वर्षांपूर्वी मजुरीवाढीसाठी निघालेल्या एका मोर्चाची बातमी मी केली होती आणि त्यात वडिलांचं नाव, त्यांचं बोलणं आलं होतं. "सर, तेवढी बातमी मिळंल का? आई मागायलीय." कात्रण त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पण सीडी होती. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही, तो बाहेरून उसना आणला. फोल्डर उघडलं, तारीख सापडली, फाईल उघडली. समोर इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी. माझीच बातमी, मीच लिहिलेली, आणि मला एक शब्द वाचता येईना.

हे का झालं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल. ही एकट्या माझ्या सीडीची गोष्ट नाही.

छपाईच्या जुन्या काळात मराठी मजकूर म्हणजे शिशाचे खिळे. इंग्रजीला लहानमोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं धरून शंभरेक खिळ्यांत काम भागायचं. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरली की संख्या कितीतरी शेकड्यांत जायची. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं, त्यावर पुढच्या पिढ्या वाचायला शिकल्या. कंपोझिटर उभा राहून खणातून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ उलटी जुळवायचा. काम संपलं की खिळे परत खणात. पण कागद राहायचा. १९३० मध्ये आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, 'कर्मयोगी'चे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांना शिक्षा झाली. त्या काळातला अंकाचा एखादा पिवळा कागद आज कुणाच्या माळ्यावर सापडला, तर चौथीतलं पोरही तो वाचू शकेल. त्याला ना सिस्टीम लागते, ना पासवर्ड.

पुढे टाईपरायटर आला. मोजक्या कळांत सगळी देवनागरी बसवायची, म्हणून अक्षरांचे तुकडे झाले. अर्धा 'ग' मारायचा, मग काना जोडायचा. 'कि' हवा असेल तर आधी वेलांटी, मग 'क'. कागदावर अक्षर डावीकडून उजवीकडे जसं दिसतं, तसंच बोटांनी मारायचं. आपल्याकडच्या टायपिंग क्लासमध्ये ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन हजारो पोरापोरींचे हात याच वळणाने तयार झाले. पुढचा सगळा घोळ कळायला ही वेलांटीची गोष्ट लक्षात ठेवा.

संगणकावर भारतीय भाषा आणायचं काम सुरुवातीला फार विचारपूर्वक झालं होतं. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात जिस्ट तंत्रज्ञान तयार झालं, ते पुढे पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅककडे आलं. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि भाषा कुठलीही असो, 'क'ची कळ तीच. १९९१ मध्ये इस्की या संकेतप्रणालीला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात मराठी, कन्नड, तेलुगू यांच्या 'क'ला एकच क्रमांक होता, लिपी तेवढी बदलायची. ज्या गावात एका वाड्यात तीन भाषा चालतात, त्या सोलापूरसाठी याहून सोयीचं काय असणार?

पण नव्वदच्या दशकात डीटीपीची लाट आली. छापखान्यांना पेजमेकर हवं होतं, आणि त्या पेजमेकरला, त्या विंडोजला देवनागरी ठाऊकच नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक शक्कल काढली. संगणकाला वाटू द्यायचं की आपण इंग्रजीच टाईप करतोय; फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी चित्र मराठी अक्षराचं ठेवायचं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावं डीटीपीवाल्यांना घरच्यासारखी आहेत. या फॉन्टनी मराठी वृत्तपत्रांचे दिवस पालटले, हे मान्यच करायला हवं. खिळे गेले, शाई लागलेले हात गेले, पान दोन तासांत लागायला लागलं. छोटी साप्ताहिकं निघाली ती याच जोरावर.

त्यात एक गोम होती. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. एकाच्यात जिथे 'स', दुसऱ्याच्यात तिथे 'ळ'. फाईलमध्ये मराठी नव्हतीच, होती ती फक्त इंग्रजी अक्षरं. मराठी होती फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की मराठी गेली.

सोलापूरकरांना हे जकार्डवरून लगेच कळेल. चादरीची नक्षी जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून ठेवलेली असते. कार्डांची माळ फिरते, भोकाप्रमाणे सूत उचललं जातं, मोर उमटतो. पण नुसती कार्डं हातात घेतली तर मोर दिसतो का? त्या मापाचा जकार्ड आणि तो माग हवा. माग भंगारात गेला की कार्डं म्हणजे भोकं पडलेले पुठ्ठे. माझ्या सीडीत असेच पुठ्ठे निघाले.

यावरचा इलाज त्याच काळात तयार होत होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि इस्कीच्या आधारावर तिच्यात देवनागरीही आली. जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतःचा क्रमांक. फॉन्ट बदला, मशीन बदला, 'क' हा 'क'च राहील. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली, सोबत मंगल फॉन्ट आला. तो घडवणारे आपले सुलेखनकार र. कृ. जोशी. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ही सोय सीडी घालून, सेटिंगमध्ये जाऊन वेगळी चालू करावी लागायची. ते ठाऊक नसल्याने अनेकांनी "संगणकात मराठी नाही" असं म्हणत वर्षं काढली. व्हिस्टापासून ती आपोआप यायला लागली. कोर्टाच्या बातमीत रोज लागणारा 'ॲड.'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, तोवर 'अ'वर चंद्र चिकटवून निभावलं. २०१९ मध्ये विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक कळफलक आला. हळूहळू का होईना, घर बांधून झालं होतं.

तरीही गावोगावची वर्तमानपत्रं, छापखाने, बऱ्याच कचेऱ्या जुन्या फॉन्टवरच राहिल्या. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण रात्री साडेअकराला पान सोडायचं असताना ऑपरेटरला नवा कळफलक शिकायला कोण सांगणार? त्याचे हात टाईपरायटरच्या वळणाचे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि युनिकोड मराठी त्याला शेवटपर्यंत नीट जमली नाही. नवं सॉफ्टवेअर म्हणजे पैसे. चालतंय ते चालू द्या, असं सगळ्यांनीच म्हटलं. मीही म्हटलं. त्या वर्षांतल्या माझ्या सगळ्या बातम्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत.

पुन्हा त्या फाईलकडे येतो. आमच्याकडे पूर्वी पानं लावणारे एक अण्णा आता ऑनलाईन फॉर्म भरून देणं आणि झेरॉक्स असं दुकान चालवतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवरची खिचडी पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काय ओ पत्रकार, हे बघा की, इथं 'सोलापूर' लिहिलंय. इथं 'मजुरी'." मी बघतच राहिलो. पंधरा वर्षं त्याच कळा मारल्यामुळे तो माणूस ती इंग्रजी खिचडी मराठीसारखी वाचत होता! त्यांनी फॉन्ट ओळखला. मागच्या खोलीत एक्सपीचं एक जुनं मशीन अजून जपलेलं, त्यात तो फॉन्ट होता. बातमी दिसली.

दिसली, पण तेवढ्याने भागत नाही. ती युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लावला, तर नावांची वाट लागली. उदाहरण म्हणून 'मल्लिकार्जुन' घ्या, आपल्याकडे गल्लीगल्लीत हे नाव आहे. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी 'ल्ल'च्या आधी साठवलेली, रफार 'जु'च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टरने ही उलटापालट नीट केली नाही तर 'मल्लिकार्जुन'चं 'मिल्लकाजुर्न' होतं. उद्या कुणी संगणकावर ते नाव शोधलं तर सापडणारच नाही. अण्णा आणि मी एकेक ओळ बघत दुरुस्ती केली. दीड पानाच्या बातमीला अख्खी दुपार गेली. संध्याकाळी त्या मुलाला पाठवली. त्याने प्रिंट काढून आईला वाचून दाखवली.

एक बातमी वाचली. बाकीच्यांचं काय? आपल्याकडे साधारण नव्वदीच्या मध्यापासून पुढची पंधरा-वीस वर्षं अशी आहेत की त्यातलं बरंच लेखन असल्या फाईलींत अडकलंय. कामगारांची आंदोलनं, पाण्याचे मोर्चे, पालिकेच्या सभा, मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, कुणाचं आत्मचरित्र, कुणाचं पहिलं कवितेचं पुस्तक. छापील अंक सगळ्यांनी जपलेले नाहीत, कारण "सीडीत आहे की" असं आपण म्हणत होतो. १९३० चा कागद वाचता येतो आणि २००४ ची फाईल वाचता येत नाही, अशी आजची स्थिती आहे.

आता विंडोज १० चे संगणक हजारोंनी बाजूला पडतायत. त्यातले कित्येक भंगारात जातील आणि त्यांच्यासोबत ते फॉन्टही. ती खिचडी डोळ्यांनी वाचणारे अण्णांसारखे लोक साठीकडे झुकलेत. मशीन आणि माणूस दोन्ही आहेत, तोवरच हे काम होईल.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

जुना संगणक विकण्याआधी त्यातलं फॉन्टचं फोल्डर आणि सगळ्या मराठी फाईली बाहेर काढून ठेवा. कुठली फाईल कुठल्या फॉन्टमध्ये आहे, ते साध्या कागदावर लिहून सोबत ठेवा.

महत्त्वाचं असेल ते आत्ताच प्रिंट काढून ठेवा. पीडीएफ केली तर पान दिसेल, पण जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधला शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर पुन्हा खिचडीच येते. दिसण्यावर समाधान मानू नका.

युनिकोड करून घ्या, पण माणसाकडून तपासून घ्या. माणसांची आणि गावांची नावं आधी तपासा.

आणि यापुढे नवीन काहीही करताना, लग्नपत्रिका असो की संस्थेचा अहवाल, डीटीपीवाल्याला एकच वाक्य सांगा: "युनिकोडमध्ये करा, आणि मूळ फाईल मला द्या."

वर्तमानपत्रांच्या मालकांना, वाचनालयांना आणि महापालिकेलाही हे सांगायला हवं. पण ते कधी ऐकतील माहीत नाही. आपली कपाटं आपण उघडू शकतो.

मी दर रविवारी अण्णांच्या दुकानात बसायचं ठरवलंय. माझ्याच सीडीपासून सुरुवात करतोय. कुणाकडे जुन्या फॉन्टमधलं काही अडकलं असेल तर कळवा, दोघांनी मिळून जमेल तेवढं सोडवू. चहा तुमच्याकडून.