दुर्बिणींतला कण

जळगांवाहून भुसावळकडे जातांना वाटेंत नशिराबाद हें जुनें गांव लागतें. इंग्रज अमदानींतील गॅझेटिअरांत येथें काचेच्या बांगड्या होत असल्याची नोंद आहे. भट्टींतल्या काचेंत राखेचा एखादा कण राहिला म्हणून बांगडी कोणी टाकून देत नाहीं. हातांत भरल्यावर तो कण कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीं. परंतु काचेचींच भिंगें बंदुकीवरच्या दुर्बिणींत बसविलीं आणि तसलाच एक कण आंत राहिला, तर तो नेमबाजाला डोंगराएवढा भासूं लागतो. असा कण काढावा कीं राहूं द्यावा, हा प्रश्न दिसतो लहान. पण त्याच्यापायीं दुर्बिणींची रचना शंभर वर्षांत पार पालटून गेली आहे.

१८०३ च्या दुष्काळाच्या सुमारास लुटारूंनीं खानदेश हैराण केला, तेव्हां गांवाच्या रक्षणास तोड्याच्या बंदुका होत्या. त्यांना नळीच्या टोकावरची माशी पुरे होती. माशीवर धूळ बसली तर फुंकर मारावी, बोटानें पुसावी, कीं काम झालें. १८२५ सालीं औट्रमनें धरणगांवास भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला, तेव्हांही नेम धरण्याची रीत हीच होती.

दुर्बिणीची कल्पना रुजविण्यांत मुंबई इलाख्याच्या लष्करांतील एका अधिकाऱ्याचा मोठा हात आहे. त्याचें नांव डेव्हिड डेव्हिडसन. हिंदुस्थानांत नोकरीवर असतांनाच त्यानें शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवून पाहिली होती. पुढें विलायतेंत त्यानें ती सुधारली, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६३ च्या पुढें, दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ बंदुकांवर डेव्हिडसनची दुर्बीण डाव्या अंगास बसविलेली दिसूं लागली. बंदुकीच्या झटक्यानें ती कधीं कधीं डोळ्यावर आदळे, अशा कथा आहेत. त्या काळच्या दुर्बिणींना हवाबंद करण्याची सोय नव्हती. धूळ आंत जाण्यास वाट होती, तशी ती बाहेर काढण्यासही होती.

आंतला कण इतका ठळक कां दिसतो, हें समजण्यास दुर्बिणीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. पुढचें मोठें भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आंत एका विशिष्ट पातळीवर पाडतें. नेम धरण्याची फुली त्याच पातळीवर असते. पूर्वी ती कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंची असे, पुढें बारीक तारांची आली, आणि पुढें तर काचेच्या चकतीवर कोरलेली आली. डोळ्याजवळचें भिंग ही प्रतिमा आणि ही फुली मोठी करून दाखवितें. म्हणून त्या पातळीवर पडलेला कणही तितकाच मोठा होऊन दिसतो. उलट पुढच्या भिंगावर चांगली ठसठशीत धूळ बसली तरी ती दिसत नाहीं. प्रकाश मात्र थोडा मंदावतो. जें डोळ्यांत खुपतें तेंच मोठें नुकसान करतें असें नव्हे, आणि जें नुकसान करतें तें डोळ्यास दिसतेंच असेंही नव्हे.

जाणता कारागीर म्हणून प्रथम हत्यार उचलीत नाहीं. तो कणाचें ठिकाण शोधतो. डोळ्याजवळचें भिंग हळूच फिरवावें. कणही त्याबरोबर फिरला, तर तो त्याच भिंगावर आहे. बाहेरच्या बाजूस असल्यास मऊ कुंचल्यानें झाडतां येतो. तो फुलीला चिकटून जागच्या जागीं राहिला, तर तो फुलीच्या पातळीवर आहे. दुर्बीण हलविल्यावर त्यानें जागा बदलली, तर आंत कांहीं तरी सुटें झालें आहे. हा शेवटचा प्रकार काळजीचा. नळीच्या आंतला काळा रंग उडाला असेल, किंवा फुली सरकविणाऱ्या स्क्रूचा कीस पडला असेल. बंदुकीच्या प्रत्येक झटक्यासरशी असे तुकडे सुटतात. तेव्हां कण हा रोग नसून रोगाचें लक्षण असतो.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें नेमबाजांच्या रायफलीवर ३२ नंबरची दुर्बीण वापरली. ती वस्तु सुमारें तिप्पट मोठी करून दाखवी. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशीं जुळवून दिलेली असे आणि तिचा क्रमांक त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे. एका कणासाठीं ती खोलून भिंगें हलविलीं तर ही जुळणी बिघडे, आणि मग शेंकडों गोळ्या झाडूनही नेम भरंवशाचा होईना. कण राहिला तर नेमबाजाला त्याच्या बाजूनें पाहतां येई. जुळणी बिघडली तर त्याच्या प्राणाशीं गांठ पडे.

त्याच युद्धांत खरा शत्रू कोण हें न्यू गिनीच्या जंगलांत उघड झालें. तेथील दमट हवेंत भिंगांवर बुरशी चढूं लागली आणि दुर्बिणी एकामागून एक आंधळ्या होऊं लागल्या. मेलबर्न विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ टर्नर यांनीं पाऱ्याचें एक संयुग वापरून बुरशी रोखण्याचा उपाय शोधला. कोंकणांत किंवा मुंबईंत ज्यांच्या कपाटांत जुना कॅमेरा पावसाळाभर पडून राहिला असेल, त्यांना भिंगावरचे हे कोळिष्टकासारखे धागे नवे नाहींत. धुळीचा कण जेथल्या तेथें राहतो. बुरशी वाढते आणि शेवटीं काचेलाच खाते.

याचा उलगडा नळीच हवाबंद करण्यांत झाला. दमट हवा काढून तींत कोरडा नायट्रोजन वायु भरण्याची आणि सांधे रबरी कड्यांनीं बंद करण्याची पद्धत युद्धानंतर रूढ झाली. दंव आणि बुरशी यांची वाट त्यामुळें बंद झाली. पण कारखान्यांत राहून गेलेला कणही कायमचा आंत कोंडला गेला. आतां घरच्या टेबलावर पेचकस घेऊन दुर्बीण खोलणारा मनुष्य एक कण काढतो, आंतला वायु घालवतो आणि खोलीभर धूळ आंत घेतो. असलें काम निर्मळ हवेच्या बंद खोलींतच व्हावयास हवें आणि शेवटीं वायुही पुन्हां भरावयास हवा.

नशिराबादच्या पूर्वेस भुसावळला १९४९ सालीं आणि त्यापलीकडे वरणगांवास १९६४ सालीं संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. वरणगांवास रायफलींचीं काडतुसें तयार होतात. तशा काडतुसाच्या प्रत्येक बाराबरोबर दुर्बिणीचा एकेक सांधा पारखला जातो. त्या पारखेंत नेम ढळला नाहीं, भिंग धुरकटलें नाहीं आणि कण जागचा हलला नाहीं, तर शहाणा नेमबाज त्याला तसाच राहूं देतो. आणि तो हलूं लागला, कीं दुर्बीण कारागिराकडे धाडतो.