एचआयव्हीविरोधी औषधे वारेतून गर्भापर्यंत कशी पोहोचतात

बेंगळुरू : एचआयव्हीबाधित गर्भवतीने घेतलेली गोळी तिच्यापुरती राहत नाही. औषधाचा काही अंश वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतो. एरवी गरोदरपणात धास्तीची वाटणारी हीच बाब येथे बाळाच्या संरक्षणाचा भाग ठरते. उपचार न मिळाल्यास मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण, स्तनपानाचा काळ धरून, १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली आणता येते.

भारतातील प्रतिबंध कार्यक्रम सुरुवातीला नेव्हिरापिनच्या एकाच मात्रेवर उभा होता. प्रसूतिकळा सुरू होताच आईला २०० मिलिग्रॅमची गोळी आणि जन्मानंतर बाळाला पातळ औषध, एवढाच उपचार. नेव्हिरापिनचा रेणू लहान व मेदात विरघळणारा असल्याने तो वार झपाट्याने ओलांडतो आणि नवजाताच्या शरीरात काही दिवस टिकतो. मात्र आईच्या शरीरातही तो रेंगाळत असल्याने औषधाला न जुमानणारे विषाणू निपजत. सप्टेंबर २०१२ मध्ये कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत बहुऔषधी उपचार प्रथम सुरू झाले. जानेवारी २०१४ पासून सर्व बाधित गर्भवतींना आजीवन उपचार देण्याचे धोरण देशभर लागू झाले.

आई आणि गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमध्ये पेशींचा सलग पापुद्रा असतो. बहुतेक औषधे त्यातून आपोआप झिरपतात. परंतु रेणू मोठा असल्यास किंवा तो रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटल्यास वाट अडते. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन हा पेशींतील पंप काही औषधे आईच्या रक्तात परत ढकलतो. म्हणूनच लॅमिव्ह्युडिनची पातळी नाळेतील रक्तात आईइतकीच आढळते, तर लोपिनाविरची जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी. तरीही लोपिनाविर निरुपयोगी नव्हते, कारण आईच्या रक्तातील विषाणू घटले की गर्भाचा धोका आपसूक कमी होतो.

सध्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत दिली जातात. त्यातील डोल्युटेग्राविर प्रथिनांना चिकटूनही वार सहज ओलांडते. बोट्सवानातील पाहणीत २०१८ मध्ये त्याचा संबंध गर्भाच्या मज्जारज्जूतील दोषांशी असावा, अशी शंका निर्माण झाली होती. अधिक माहिती हाती येताच ती मावळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गर्भवतींसह सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. जन्मानंतर बाळाला किमान सहा आठवडे स्वतंत्र औषध द्यावेच लागते. नाळ कापली की आईकडून होणारा हा पुरवठा थांबतो.