डिकीतला अर्धा इंच

आमच्याकडे आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. ते कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात प्रेस शॉपला होते, पत्रा दाबून गाडीचं अंग घडवायच्या कामावर. ते गेल्यावर डिकीतलं सडकं हार्डबोर्ड बदलायचं मी मनावर घेतलं.

एका मित्राने त्याच्या १९६४च्या फियाट ११०० डीच्या डिकी पॅनेलचा फर्मा दिला. मी कोड लिहिणारा माणूस. हिशोब सरळ होता: बॉडी तीच, म्हणजे पॅनेल बसणारच.

त्याला इतिहासाचा आधारही होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर सुरू केली. पुढे फियाटच्या परवान्यावर ११०० बनू लागली, आणि १९६४पासून ११०० डी, म्हणजे 'डिलाइट'. इटलीत १९६६मध्ये हे मॉडेल बदललं. इथे तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४पासून 'पद्मिनी' झाली. नवे साचे महाग, आयातीवर बंधनं, परवान्यांचं राज्य आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. मग बदलायचं कशाला?

तरी पॅनेल बसेना. उजवीकडे अर्धा इंच अडलं. डेंटरकाकांनी वाकून पाहिलं. चाकावरचा गंजका भाग कापून कुणीतरी तिथे जाड पत्रा वेल्ड केला होता.

"कारखान्यातून सारख्याच निघाल्या," काका म्हणाले, "पण प्रत्येकीने खाल्लेला मार वेगळा. ग्राइंडर फिरवू? दोन मिनिटांचं काम."

आई शेजारीच उभी होती. "तो जोड अप्पांनी मारलाय," ती म्हणाली. "बॅटरी मी धरली होती."

काकांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि जाड पुठ्ठा मागवला. दुसऱ्या गाडीचा फर्मा अंदाजापुरता घ्यायचा, माप आपल्याच गाडीचं. पुठ्ठा डिकीत धरायचा, अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, थोडं थोडं कापायचं. रेक्झिन दुमडून येतं, त्याच्या जाडीची जागा कडेला सोडायची. डावा पुठ्ठा उलटा करून उजवा काढायचा नाही. दोन्ही बाजू वेगळ्या मापायच्या. पुठ्ठा नीट बसला की मगच हार्डबोर्डला करवत लावायची. माझी दोन मिनिटं वाचली नाहीत, अख्खा रविवार गेला.

ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तोवर मला त्या सगळ्या एकच गाडी वाटायच्या.

आमच्या उजव्या पॅनेलला आता एक वाकडी खाच आहे. ते दुसऱ्या कुठल्याही पद्मिनीत बसणार नाही.