शिला, खिळे आणि चिपळ्या : तंजावरी मराठीची तीन माध्यमे

कुंभकोणहून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तिरुभुवनम् हे गाव आज रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने (कारकीर्द इ. स. ११७८-१२१८) बांधलेल्या कंपहरेश्वर मंदिरामुळे आहे. या मंदिरातील संस्कृत शिलालेखात राजाचे विजय व त्याने उभारलेल्या वास्तू यांचे वर्णन आढळते. मंदिराची भिंत हे त्या काळी राजसत्तेचे प्रभावी माध्यम होते; परंतु कोरलेला मजकूर वाचू शकणारा वर्ग अत्यंत मर्यादित होता. बहुसंख्य भाविकांना लेखाचा आशय कळत नसे, त्यातून व्यक्त होणारा राजाचा दबदबा मात्र जाणवत असे. संदेश किती काळ टिकतो आणि तो किती जणांच्या विचारात उतरतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कावेरीकाठच्या या प्रदेशात मराठी भाषेला जी माध्यमे लाभली, त्यांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

तंजावर येथे व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत टिकले. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. मराठीतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. चोळांचा शिलालेख चालू सत्तेची घोषणा करीत असे. हा लेख हातची सत्ता गेल्यावर वंशस्मृती जतन करण्यासाठी घडला. माध्यम तेच, प्रयोजन मात्र पालटलेले. भोवतालच्या तमिळ रयतेशी या लेखाचा संवाद होणे शक्यच नव्हते.

सरफोजींनी १८०५ मध्ये नवविद्याकलानिधी नावाचा छापखाना स्थापन केला. इसापच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये तेथून प्रसिद्ध झाला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे तंजावरात मराठी ग्रंथमुद्रण त्याच्या पाव शतक आधी सुरू झाले होते. असे असूनही मराठी लोकमताचा आरंभ ‘दर्पण’पासून मानला जातो, तंजावरच्या छापखान्यापासून नव्हे. याचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही. तंजावरचे मुद्रण राजवाडा आणि त्याच्या आश्रयाखालील पाठशाळा यांच्या परिघात राहिले. ‘दर्पण’ला वर्गणीदार मिळवावे लागत आणि वाचकांच्या पत्रांना त्यात जागा असे. एका ठिकाणी ग्रंथ होते, दुसऱ्या ठिकाणी वाचकवर्ग घडत होता. ज्या १८३२ साली ‘दर्पण’ निघाले, त्याच साली सरफोजींचे निधन झाले, हा योगायोग बोलका आहे.

तिसरे माध्यम कीर्तनाचे. रामदासी मठांनी ही परंपरा तंजावर प्रांतात रुजविली होती. त्या परंपरेतील मेरुस्वामींना त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी मान मिळाला. राज्य खालसा झाल्यावर, १८६४ च्या सुमारास, रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरात आले. त्यांच्या कीर्तनांचा प्रभाव पडून तंजावर कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या ही मराठी वृत्ते आपल्या नावांसह तमिळ आख्यानात स्थिरावली. येथे अक्षरओळखीची अट नव्हती. कथा ऐकता ऐकता श्रोता अर्थ समजून घेई, नामघोषात सामील होई आणि घरी जाताना चाली बरोबर नेई.

या माध्यमाने कोणता विचार वाहून नेला, हे ‘नंदनार चरित्रा’वरून दिसते. मंदिरप्रवेश नाकारलेल्या अस्पृश्य शेतमजूर भक्ताची ही कथा गोपालकृष्ण भारतींनी रचली आणि कृष्ण भागवतरांनी ती हरिकथेतून गाजविली. जमीनदार मालकाचा जाच आणि नंदनाची चिदंबरदर्शनाची तळमळ उच्चवर्णीय श्रोत्यांपुढेच उभी राहिली. तथापि नंदनाला अग्नीतून शुद्ध होऊनच मंदिरात जावे लागते. श्रोत्यांचे डोळे पाणावणाऱ्या या माध्यमाने त्यांच्या सोवळ्याची चौकट मोडली नाही. पुढे १९३५ आणि १९४२ मध्ये हीच कथा चित्रपटांतून आली; दरम्यान १९३९ मध्ये मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. कथेमुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कायद्याने सोडविलेला प्रश्न लोकांच्या कानांना मात्र नवा नव्हता.

या यशाची किंमत मराठी भाषेने मोजली. वृत्ते राहिली, भाषा तमिळ झाली. कुंभकोण येथे १८२८ मध्ये जन्मलेले मराठी मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनी १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद भूषविले, पण त्या व्यासपीठाची भाषा इंग्रजी होती. सार्वजनिक विचारासाठी इंग्रजी आणि तमिळ, तर घरगुती बोलण्यासाठी दक्षिणी मराठी, अशी विभागणी झाली. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले; तेथील मोडी कागद वाचण्यासाठी आज प्रशिक्षित अभ्यासक लागतो.

याउलट तिरुभुवनम् परिसरातील गोविंदपुरम् येथे २०११ मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. दक्षिणेच्या भजनपरंपरेत अभंगांना मानाचे स्थान आहे आणि अनेक गायक ते तमिळ लिपीत लिहून घेऊन गातात. राजाश्रयाने घडविलेले खिळे कधीच थंडावले. लोकांनी आपलेसे केलेले अभंग आजही गायिले जातात.